मिलिते, मिलितां आणि फुकटातली सोळा खंडांची डिक्शनरी: सीएनआरटीएल कशी आहे?

फ्रेंच शिकणारं कुणी विचारलं की कुठली डिक्शनरी वापरू, तर पहिल्या-दुसऱ्या लेव्हलवाल्यांना मी सरळ लारूसची साइट सांगते, फुकट आहे, सोपी आहे, काम होतं. पण बी टू, म्हणजे सहापैकी चौथ्या लेव्हलच्या आसपास पोचलेले, पेपर वाचायला लागलेले, अनुवादाची कामं घ्यायचा विचार करणारे जे असतात त्यांना मी सीएनआरटीएल सांगते, आणि आठवडाभरात निम्मे तरी वैतागून येतात की मॅडम हे काय दिलंय, काही कळत नाही. तर हा रिव्ह्यू मुख्यतः त्या वैतागलेल्यांसाठी. आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एक पूर्णपणे न्याय्य आहे, ते पुढे येईलच.

आधी वस्तू काय आहे ते. सीएनआरटीएल हे फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे सीएनआरएसने, 2005 मध्ये काढलेलं पोर्टल. नान्सी शहरातल्या भाषाशास्त्राच्या लॅबकडून चालतं. त्याच्या पोटात जी मुख्य डिक्शनरी आहे तिचं नाव 'त्रेझोर', म्हणजे खजिना. छापील 16 खंड, पहिला 1971 ला आला आणि शेवटचा 1994 ला. त्याची कल्पना त्याच्याही आधीची, 1957 च्या स्त्रासबुर्गच्या परिषदेतली, पॉल इम्ब्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने ती उचलून धरली, आणि साठच्या दशकात यांनी चक्क कॉम्प्युटर लावला त्या कामाला, साहित्यातली लाखो वाक्यं त्यात भरायला. एक लाख शब्द त्यांच्या इतिहासासकट, 2 लाख 70 हजार व्याख्या, 4 लाख 30 हजार उदाहरणं. हे सगळं लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. छापील संच कुणी घरी ठेवायचा म्हटलं तर एक कपाट रिकामं करावं लागेल.

आता डिक्शनरीचा रिव्ह्यू करायचा तर एखादा शब्द घालून बघायला हवा ना. मी 'मिलिते' घेतला. कारण आपल्याकडच्या मुलांचा यावर हमखास गोंधळ होतो आणि तो गोंधळ फ्रेंचमुळे होतच नाही, आपल्या पेपरांमुळे होतो. 'मिलिते' म्हणजे एखाद्या विचारासाठी, पक्षासाठी, युनियनसाठी सक्रिय काम करणं, आणि जो ते करतो तो 'मिलितां', बाई असेल तर 'मिलितांत'. आता हाच शब्द इंग्रजीतून आपल्याकडे 'मिलिटंट' म्हणून आलेला, आणि आपण लहानपणापासून बातम्यांत ऐकतोय की अमुक ठिकाणी इतके मिलिटंट ठार. त्यामुळे फ्रेंच पेपरात 'सोशलिस्ट पार्टीचे मिलितां लीलमध्ये जमले' असं वाक्य आलं की पोरांच्या डोळ्यासमोर बंदुकाच येतात. फोनवरच्या एका भाषांतराच्या ॲपने मला तर असल्या वाक्यात थेट 'अतिरेकी' दिलं होतं! बिचारी पक्षाची माणसं, मतदार यादी घेऊन बसलेली.

खरं म्हणजे तो आपला 'कार्यकर्ता'. आणि नुसता कार्यकर्ता नाही, 'मिलितां द बाझ' असं म्हटलं की तळातला, म्हणजे आपल्याकडे ज्याला आयुष्यभर सतरंज्या उचलणारा म्हणतात तो. फ्रान्समध्ये सतरंज्या नसतात एवढाच फरक, तिथे तो भिंतींवर पोस्टर चिकटवतो, बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहून पत्रकं वाटतो, या पत्रकं वाटण्याला त्यांनी 'त्राक्ते' असं क्रियापदच करून टाकलंय, रविवारी सकाळी कम्युनिस्ट पेपर विकतो, आणि तिकीट मात्र वरून आलेल्या कुणाला तरी मिळतं. हे शेवटचं माझं, डिक्शनरीत नाही.

तर सीएनआरटीएलमध्ये शब्द टाकला की वर टॅबची रांग दिसते: शब्दाची रूपं, अर्थ, व्युत्पत्ती, समानार्थी, विरुद्धार्थी वगैरे. बहुतेक जण अर्थाच्या टॅबवर जातात, ती भली मोठी नोंद बघतात, आणि बंद करतात. माझा सल्ला असा की उलटं करा, आधी नोंदीच्या तळाशी जा. तिथे उच्चार असतो, मग शब्दाचा इतिहास, आणि अगदी शेवटी हा शब्द 19 व्या आणि 20 व्या शतकातल्या साहित्यात किती वेळा सापडला त्याचे आकडे, अर्ध्या-अर्ध्या शतकाचे. इतिहास वाचून वर आलात की वरचे अर्थ कुठल्या क्रमाने साचलेत ते आपोआप दिसायला लागतं.

'मिलिते'चा इतिहास मला फार आवडतो म्हणून जरा थांबते इथे. मूळ लॅटिन, 'मिलेस' म्हणजे शिपाई, त्यावरून 'मिलितारे', शिपाईगिरी करणं, फौजेत नोकरी करणं. 'मिलिटरी' त्याच घरातला. म्हणजे सुरुवात खरोखरच्या तलवारीपासून. पण लॅटिनमध्येच हा शब्द चर्चच्या हाती लागला, कारण सेंट पॉलच्या पत्रांत श्रद्धाळू माणसाला ख्रिस्ताचा शिपाई म्हटलेलं आहे, आणि मग मध्ययुगात धर्मशास्त्रवाल्यांनी चर्चचे तीन भाग सांगितले: पृथ्वीवर अजून पापाशी झगडणारी माणसं ती 'एग्लीझ मिलितांत', मरून शुद्धीच्या यातना सोसणारे ते दुसरं, आणि स्वर्गात पोचलेले ते विजयी चर्च. म्हणजे आज फ्रान्समध्ये कट्टर नास्तिक डावा माणूस अभिमानाने स्वतःला 'मिलितां' म्हणवतो तो शब्द आधी कॅथलिक चर्चमध्ये मुरलेला आहे! आणि फ्रेंच डाव्यांचं चर्चशी किती सख्य ते सगळ्यांना माहीत आहे, 1905 मध्ये कायदा करून चर्च आणि सरकार वेगळं केलं त्यांनी.

तिसरा मुक्काम कोर्टात. जुन्या वकिली फ्रेंचमध्ये 'मिलिते' माणूस करत नाही, कारणं करतात. एखादं कारण माझ्या बाजूने 'मिलित' (हे 'मिलिते'चंच वाक्यात चालवलेलं रूप), एखादं तुमच्या विरुद्ध 'मिलित', म्हणजे दोन्हीकडचे मुद्दे जणू मैदानात उतरून एकमेकांशी झुंजतायत. फ्रेंच अकादमीची पहिली डिक्शनरी 1694 ची, तिथपासूनचे जुने कोश बघितले तर या क्रियापदाचं राज्य वादविवादात आणि कोर्टकचेरीतच आहे. हा अर्थ अजून जिवंत आहे बरं का, 'हे सगळं निवडणूक पुढे ढकलण्याच्या बाजूने मिलित' असं आजही अग्रलेखात येतं. आणि आपल्या हायकोर्टाचे इंग्रजी निकाल वाचणाऱ्यांना तर हा अगदी ओळखीचा वाटेल, तिथे 'मिलिटेट्स अगेन्स्ट' अजून दिसतं, ते याच लॅटिन खोडाचं. त्रेझोरची कमाल ही की कर्ता वस्तू असेल तर वेगळा अर्थ, कर्ता माणूस असेल तर वेगळा अर्थ, हे चौकटी कंसात स्पष्ट लिहून दिलेलं असतं. अनुवाद करणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं, कर्ता बघा आणि अर्थ उचला.

मग राजकारण. हा अर्थ रुजला 19 व्या शतकात, आणि इथे डिक्शनरी तुम्हाला उदाहरणं देते पण का रुजला ते सांगत नाही, ते आपण जोडून घ्यायचं. 1884 च्या वाल्देक-रूसो कायद्याने कामगार संघटना कायदेशीर झाल्या, 1895 ला सेजेते ही मोठी युनियन उभी राहिली, 1901 मध्ये संस्था-संघटनांचा कायदा आला, 1905 ला समाजवादी एकत्र आले. म्हणजे वीसेक वर्षांत अशी हजारो माणसं तयार झाली जी खासदार नाहीत, पुढारी नाहीत, पगारी नाहीत, पण संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर मीटिंगला जातात, वर्गणी गोळा करतात, संपाच्या वेळी पुढे असतात. या माणसाला काहीतरी नाव लागणारच होतं. सभासद म्हणावं तर कमी पडतं, पावती फाडून घरी बसणाराही सभासदच. त्यासाठी 'मिलितां' नाम म्हणून चिकटलं आणि त्या माणसाचं रोजचं काम म्हणजे 'मिलिते'. 1920 च्या डिसेंबरात तूर शहरात समाजवादी फुटले, कम्युनिस्ट पक्ष निघाला, आणि त्या पक्षाने तर या मिलितांचा जवळजवळ पंथच केला.

आपल्याला यात परकं काही वाटायचं कारण नाही. आपला 'मोर्चा' घ्या, फारसीतून आलेला, जुन्या लष्करी मराठीत मोर्चा म्हणजे वेढ्याच्या वेळी तोफा-बंदुका लावायची आडोशाची जागा. 'मोर्चेबांधणी' अजूनही तेच सांगते. आणि आज मोर्चा म्हणजे शनिवारवाड्यावरून कलेक्टर कचेरीवर निघालेली माणसं. 'आघाडी' सैन्याची, 'बिनीचा शिलेदार' सैन्याचा, आणि दोन्ही आता पक्षकार्यालयात. म्हणून क्लासमध्ये 'मिलिते' समजावताना मी इंग्रजीकडे जातच नाही, मोर्चापासून सुरुवात करते, एका मिनिटात काम होतं.

वापराच्या बाबतीत ही साइट सोनं आहे, कारण कुठल्या क्रियापदाला कुठला शब्दयोगी लागतो ते उदाहरणांतून कळतं. 'मिलिते'ला कर्म लागत नाही. कशासाठी तर 'पूर', विरुद्ध तर 'काँत्र', बाजूने तर 'आं फाव्हर द'. एखाद्या पक्षात किंवा युनियनमध्ये काम करतो म्हणायचं तर 'दां', आणि बोलण्यात 'मिलिते आ ला सेजेते' असं 'आ' लावून, पण ग्रीन पार्टीवाल्यांसाठी 'शे ले व्हेर', जसं 'शे' आपण कुणाच्या घरी म्हणून वापरतो तसं. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत बी टू च्या निबंधात अडीचशे शब्दांत मत मांडायचं असतं, तिथे पोरं दर ओळीत 'मला वाटतं, मला वाटतं' करत बसतात, त्याऐवजी 'अनेक कारणं या निर्णयाच्या बाजूने मिलित' असं एक वाक्य टाकलं तर तपासणारा जरा सरसावून बसेल. एकदाच टाका पण, चारदा नको.

आता कापलेला स्टार. त्रेझोर 1994 ला थांबली. त्यानंतर भर नाही. आणि तिचा मुख्य साठा 1789 ते 1960 मधला, त्यातही साहित्याचा. त्यामुळे कादंबरीकाराने काय लिहिलं ते कळतं, युनियनच्या ऑफिसात काय बोलतात ते कमी कळतं. इंटरनेटवरची चळवळ, हॅशटॅग, यातलं काहीही शोधायला जाऊ नका.

याचा सगळ्यात मोठा फटका कुठे बसतो तर शेजारच्या शब्दावर, 'आक्तिव्हिस्त'. आपल्याला वाटतं की ॲक्टिविस्ट म्हणजे सज्जन, झोळीवाला, आरटीआय टाकणारा, आणि मिलिटंट म्हणजे डेंजर. फ्रेंचमध्ये बरीच दशकं बरोबर उलटं होतं! 'मिलितां' हा घरातला, शेजारचा, आणि 'आक्तिव्हिस्त' म्हटलं की कपाळावर आठी. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या फ्लेमिश गटाला 'आक्तिव्हिस्त' म्हणत, आणि 1960 नंतर अल्जीरिया फ्रेंचच राहिला पाहिजे म्हणून बाँब लावणाऱ्या ओएएसवाल्यांना फ्रेंच पेपर हाच शब्द लावायचे. आता गेल्या काही दशकांत इंग्रजीच्या संगतीने हा शब्द मवाळ होत चाललाय, हवामानासाठी रस्त्यावर बसणाऱ्या पोरांना 'आक्तिव्हिस्त' सर्रास म्हणतात, पण जुन्या पिढीच्या कानाला त्यात अजून थोडी दारूगोळ्याची चव लागते. त्रेझोरमध्ये तुम्हाला जुना वास नीट मिळेल, नवा मिळणार नाही. म्हणून आजचा पेपर वाचताना ही एकच डिक्शनरी धरून बसलात तर फसाल, सोबत विकीवाली किंवा दरवर्षी नवी निघणारी एखादी विकतची ठेवा.

दिसायला पण साइट जुनाट आहे, ते कबूल करायलाच हवं. बारीक अक्षर, संक्षेपांचा पाऊस, आणि फोनवर तर डोळे फुटतात. संक्षेपांची यादी एकदा प्रिंट काढून ठेवा, पंधरावीस महत्त्वाचे पाठ झाले की वेग येतो. नोंदीत वेगवेगळे भाग रंगवून दाखवायची सोय आहे, व्याख्या एका रंगात, लेखकाचं नाव दुसऱ्या रंगात, ती चालू करा, निम्मा त्रास कमी होतो, आणि गंमत म्हणजे वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ती माहीत नसते. समानार्थी शब्दांचा टॅब मात्र बिनधास्त वापरा, तो नवशिक्यालाही जमतो. शब्दांचं जाळं फिरवून दाखवणारा एक टॅब आहे, तो बघायला भारी, पण कामाला मला तरी फारसा आला नाही.

सोबतीला अकादमीची साइट. सीएनआरटीएलमध्ये अकादमीच्या काही जुन्या आवृत्त्या आहेतच, पण अकादमीच्या स्वतःच्या साइटवर 1694 पासूनच्या सगळ्या, नऊच्या नऊ आवृत्त्या आहेत, आणि एकाच शब्दावर राहून आवृत्ती बदलत जाता येतं. 'मिलिते' कोर्टातून पक्षकार्यालयात कसा आला ते बघायचं असेल तर हे करून बघाच, एखादा सरदार घराण्यातला माणूस हळूहळू ट्रेड युनियनमध्ये गेल्यासारखं वाटतं. नववी आवृत्ती मात्र 1986 ला छापायला लागले ते 2024 च्या नोव्हेंबरात संपली, म्हणजे सुरुवातीची अक्षरं लिहिणारे कितीतरी जण शेवट बघायला उरलेच नाहीत. डिझाइन छान आहे, फोनवर पण चालते, पण नोंदी त्रेझोरच्या मानाने अगदी त्रोटक.

आणि शब्दापेक्षा माणसं बघायची असतील तर 'मेत्रों'. झां मेत्रों हा शिक्षक आणि इतिहासकार, 1910 ते 1987, याने फ्रेंच कामगार चळवळीतल्या माणसांचा चरित्रकोश काढायला घेतला, पहिला खंड 1964 चा. पुढारी तर आहेतच पण खरी मजा साध्या मिलितांची: सुतार, रेल्वेवाले, शाळामास्तर, 1871 च्या पॅरिस कम्यूनच्या उठावात पकडले गेलेले, जर्मनांनी गोळ्या घातलेले. दोन लाखांहून जास्त नोंदी, आणि 2018 च्या डिसेंबरपासून हे पण सगळं फुकट. त्रेझोर सांगते 'मिलिते' म्हणजे काय, आणि मेत्रों सांगतो की एखाद्या खाणकामगाराने ते चाळीस वर्षं नेमकं कसं केलं, कितीदा नोकरी गेली, कुठल्या संपात तुरुंगात गेला. शोधायला नाव किंवा गाव टाकायचं. मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी तर झां लोंगेपासून करा: कार्ल मार्क्सचा नातू, समाजवादी, 1910 च्या जुलैत सावरकर मार्सेलच्या बंदरात बोटीतून उडी मारून पकडले गेले तेव्हा समाजवादी पुढारी जोरेसने काढलेल्या 'ल्युमानिते' या पेपरातून ज्यांनी हे प्रकरण लावून धरलं त्यातला हा. आपल्या शाळेच्या पुस्तकात उडी असते, लोंगे नसतो. फ्रेंच बी वन असेल तर त्याची नोंद हळूहळू वाचता येते, अडेल तो शब्द दुसऱ्या टॅबमध्ये सीएनआरटीएलवर टाकायचा, फक्त लॅपटॉपवर बसा, फोनवर हा उद्योग करू नका.